चार नंबरचा रंग

दौलत, तुझा फोटो काल वहिनींनी माझ्या घरी आणून दिला. तेरवीच्या आत रंगवून पाहिजे म्हणाल्या. मी तो टेबलावर उभा करून ठेवला आहे आणि सकाळपासून त्याच्याकडे बघत बसलो आहे. खरं सांगायचं तर रडू येण्याआधी मला राग आला. मेल्यावरसुद्धा तू माझ्यापेक्षा बरा दिसतोस.

गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलंच बोलतात. तुला पोचवून परत येताना तुझ्या जिनातली, म्हणजे त्या कापसाच्या कारखान्यातली माणसं माझ्या पुढेमागे चालत होती आणि बोलत होती. काय हात होता, काय नजर होती. मी मान हलवत होतो. मनात म्हणत होतो, मला नका सांगू रे बाबांनो, आपल्या आंजी गावच्या शाळेपासून मी हेच ऐकत आलो आहे. पाटीवर बैल काढायला सांगितला होता तेव्हा माझ्या बैलाला चार पाय होते, शिंगं होती, वशिंड होतं, शेपटीला गोंडाही होता. तुझ्या बैलाला तीनच पाय. गुरुजींनी तुझी पाटी उचलून सगळ्या वर्गाला दाखवली आणि म्हणाले, पाह्यलं का, हा बैल पळून राह्यला. माझा उभा होता, एवढाच त्याचा गुन्हा. त्या दिवशी दुपारी आपण एकाच फडक्यातली भाकर खाल्ली आणि मी तुझ्या पाटीवर पाणी सांडलं. तू म्हणालास, "जाऊ दे, दुसरा काढतो." आणि काढलास. तो आणखी चांगला होता.

पुढे मी ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या, नागपूरला राहून शिकलो, वर्ध्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो. तू जिनात लागलास. रुईच्या दाबलेल्या गाठींवर मार्का मारायचं तुझं काम. पत्र्यात अक्षरं कापायची, पत्रा गाठीवर धरायचा आणि वरून काळ्या रंगाचा ब्रश फिरवायचा. तुझ्या हाताला तेलाचा आणि काजळीचा वास कायम असायचा. मला वाटलं, चला, आता हिशेब सरळ झाला. मी चित्रकार आणि हा गाठीवाला. दर रविवारी तू माझ्याकडे यायचास ते मला आवडायचं, त्याचं हेही एक कारण होतं. आज कबूल करायला काय जातं.

आपले रविवार आठवतात का? शाळेच्या वाचनालयातून मी मासिक घेऊन यायचो. त्यात एखादं परदेशी चित्र असायचं, आणि ते काळं-पांढरं. चित्रकारांची नावं आपल्या जिभेला वळायची नाहीत म्हणून आपण आपलीच नावं ठेवली होती. एक घोडेवाला, एक ढगवाला, एक म्हाताऱ्यांची तोंडं काढणारा म्हणून बुढेवाला. मी तुला रचना समजावून सांगायचो, प्रकाश कुठून येतो ते सांगायचो. तू खाली मांडी घालून ऐकायचास, आणि पुढच्या रविवारी काहीतरी करून आणायचास. एकदा मी वाचून दाखवलं की परदेशात कोणी नुसत्या ठिपक्यांनी चित्रं काढतात. तू काय केलंस, तर मार्क्याचा एक रद्दी पत्रा घेतलास, त्याला शेकड्याने भोकं पाडलीस आणि त्यातून चार रंग दाबून पवनारचा पूल केलास. धाम नदीचं पाणी त्यात खरोखर हलत होतं. मी हसलो. म्हणालो, "हे चित्र नाही, छापखाना आहे." तूही हसलास. तू गेल्यावर मी दार लावून ब्रशाने तेच करायला बसलो. तीन दिवस बसलो. माझ्या पुलाच्या अंगावर देवीचे व्रण उठल्यासारखं झालं.

तुला मी हे कधी सांगितलं नाही. माझ्याकडे प्रमाणपत्र होतं, चौकट करून भिंतीवर लावलेलं. तुझ्याकडे ते नव्हतं आणि त्याचं तुला काहीच वाटत नव्हतं. मला सगळ्यात जास्त झोंबायचं ते तेच.

मग ती खिडकीवाली आली. मासिकाचं एक अख्खं पान. खिडकीशी बसलेली बाई, हात मांडीत ठेवलेले, कुठे बघत नाही, काही करत नाही. मी तुला त्या चित्रकाराबद्दल पुष्कळ काही सांगितलं असेन. तू ऐकलं नाहीस. बाईच्या झग्यावर बोट ठेवलंस आणि विचारलंस, "मास्तर, हा रंग कोणता असन?"

झगा करड्या रंगात छापलेला होता, जरा काळपटच. मी म्हणालो, "निळा. गर्द निळा. एवढा गडद करडा निळ्याचाच येतो."

तू मान हलवलीस. "पिवळा हाये."

"पिवळा? अरे, पिवळा म्हणजे सगळ्यात उजळ रंग. शाळेतलं पोरगंही सांगेल."

"उजेडात उजळ असते. फोटोत काळा पडते. माह्या पडद्याचं काय झालं ते तुले माहीत हाये न?"

माहीत होतं. स्टेशनाकडच्या फोटोवाल्याने तुझ्याकडून मागचा पडदा रंगवून घेतला होता. त्या फोटोवाल्याला मी आधीपासून ओळखत होतो, तुझी ओळख मीच करून दिली. त्याने पडदा तुला दिला आणि मला दिले लोकांचे गाल. काळ्या-पांढऱ्या फोटोतल्या माणसांना काडीला कापूस गुंडाळून गुलाबी गाल करायचे, बायकांच्या लुगड्यांना रंग भरायचे. असो. तू पडद्यावर निळंभोर आकाश काढलंस आणि खाली झेंडूचा ताटवा. लोक हौसेने त्यापुढे उभे राहिले, आणि फोटो धुऊन आले तर आकाश पांढरं फटक आणि झेंडूच्या जागी गोवऱ्या थापल्यासारखे काळे गोळे. फोटोवाला डोक्याला हात लावून बसला. त्याच्या कॅमेऱ्यातल्या जुन्या काचा निळ्याला पांढरा करायच्या आणि पिवळ्याला काळा. सगळं गाव तुला हसलं, मी जरा जास्तच हसलो. आणि तू त्या हसण्यातून हे उचललंस. मासिकातला फोटोही तसल्याच जुन्या काचेवरचा असणार असं तुझं म्हणणं.

आपण दोन रविवार भांडलो. मी पुस्तकं काढून दाखवली. तू पुस्तकाला हात जोडलेस आणि घरी जाऊन चित्र सुरू केलंस. बाई आपली, जिनाच्या पत्र्याच्या खिडकीशी बसलेली, मांडीत रुई. "बाई आपली, रंग त्याचा," असं तू म्हणायचास. तिला तू पिवळं लुगडं नेसवलंस. नुसतं पिवळं नाही, सावलीत जरा हिरवटलेलं, हळदीचा डाग धुतल्यावर राहतो तसं. मी बघितलं आणि म्हणालो की चुकलंय. घरी जाऊन मी तीच पुस्तकं पुन्हा चाळली.

आणि त्याच थंडीत नागपूरला परदेशी चित्रांचं प्रदर्शन लागलं. अस्सल चित्रं नव्हती, पण मोठ्या रंगीत छापील प्रती होत्या, आणि यादीत खिडकीवालीचं नाव होतं. मला शाळेने रजा दिली. तुझा हंगाम चालू होता, गाठींचे ढीग पडले होते, तुला कोण सोडणार. तू शनिवारी माझ्याकडे आलास आणि एक पातळ कागद दिलास. त्यावर त्या चित्राचा नुसता आराखडा होता आणि प्रत्येक भागात आकडा घातलेला. एक खिडकी, दोन भिंत, तीन केस, चार झगा, असे अकरापर्यंत. कडेला अकरा रेघा मारलेल्या. "समोर उभा राहून लिहिजो," म्हणालास. "घरी येऊन आठवून नको लिहू."

मी समोर उभा राहिलो, दौलत. तासभर उभा होतो. मागचे लोक मला ओलांडून पुढे गेले.

झगा पिवळा होता. आणि तोच पिवळा. सावलीत तसाच हिरवट. ज्या माणसाने ते मूळ चित्र आयुष्यात पाहिलं नाही, ज्याने रंगीत छपाईही धड पाहिली नाही, त्याने वर्ध्यात काजळीने भरलेल्या हातांनी तो रंग बरोबर ओळखून काढला होता. मला आनंद व्हायला हवा होता. माझा मित्र होतास, तू माझ्याच सतरंजीवर बसून शिकलास असं मी चारचौघांत सांगतही होतो. पण झाला नाही. मी एक लिहिलं, दोन लिहिलं, तीन लिहिलं, सगळं खरं. चारपुढे पेन्सिल थांबली. आणि मी लिहिलं, निळा.

गाडीत बसल्यावर खोडता आलं असतं. नागपूर ते वर्धा म्हणजे काही पाच मिनिटांचा रस्ता नाही. कागद खिशात होता, पेन्सिल खिशात होती. मी खिडकीबाहेरची शेतं बघत बसलो.

तू जिनाच्या फाटकाशीच मला गाठलंस. डोक्यावर, भुवयांवर कापसाचे तंतू. कागद उजेडाकडे धरून वाचलास. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. तू चारवर थांबलास.

"निळा?"

"निळा."

"पाहून लिह्यलं न?"

"बघूनच लिहिलं."

तू कागदाची घडी घातलीस. "मंग माहाच हिशोब चुकला," म्हणालास, आणि मला चहा प्यायला घेऊन गेलास. पिवळं लुगडं बिघडेल म्हणून मी ते केलं होतं हे तुला तेव्हा कळलं असतं तर त्या चहाच्या वेळी तू काय बोलला असतास, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

दोन-तीन आठवडे तू चित्राला हातच लावला नाहीस. मी समाधानी होतो, म्हणजे आहे असं स्वतःला सांगत होतो. मग तू निळा चढवायला घेतलास. पिवळं खरवडून काढलं नाहीस, त्याच्यावरच पातळ पातळ चढवत गेलास. मी म्हणालो असं करू नये, खालचा रंग वर येतो. तू म्हणालास, "येऊ दे की." आणि तो आला. त्या निळ्यात आतून दिवा लावल्यासारखं काहीतरी झालं. ती बाई जिवंत होती आणि थकलेली होती. मी नागपूरला पाहिलेली बाई तिच्यापुढे नुसती छापील होती. मी ते पाहिलं आणि मला समजलं की माझ्या खोटेपणानेही तुझं काही बिघडत नाही. असा राग मला कुणाचाच आलेला नाही.

वर्ध्याला शेतीचं प्रदर्शन भरलं तेव्हा एका मांडवात चित्रंही लावली होती. मी पवनारच्या घाटाचं माझं चित्र दिलं होतं, दगड न् दगड मोजून काढलेलं. शेजारी तुझी निळी बाई. लोक माझ्या घाटापुढून चालत यायचे आणि तुझ्या बाईपुढे थांबायचे. माझा घाट म्हणजे त्यांचा रस्ता झाला होता. दुसऱ्या दिवशी नागपूरचे ते वयस्क चित्रकार आले, मी ज्यांच्याकडे शिकलो होतो तेच. माझ्याकडे बघून ओळखीचं हसले आणि तुझ्या चित्रापुढे उभे राहिले. मग विचारलं, "हा निळा कुठून आणलात?"

तू धोतराचा सोगा सावरत उभा होतास. तू माझ्याकडे बोट केलंस.

"या मास्तरनं सांगितला जी. मी तं पिवळा लावला होता."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "वा," म्हणाले. आयुष्यात त्यांच्या तोंडून मला मिळालेला तो एकच वा. मी मान डोलावली. दौलत, मी मान डोलावली.

त्यानंतर दर रविवारी मी ठरवायचो की आज सांगून टाकू. तू यायचास, मांडी घालून बसायचास, मासिक उघडायचास, की मला वाटायचं, कशाला, मजेत तर आहे हा. मग तू ताप घेऊन घरी पडलास. मी दोनदा येऊन बसलो. दुसऱ्या खेपेला तू डोळे मिटूनच विचारलंस, "मास्तर, नवीन मासिक आलं काय?" मी म्हणालो येईल. तेवढंच बोललो.

आता वहिनी काल काय म्हणाल्या ते ऐक. फोटो पिशवीतून काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "भाऊजी, हे म्हनत जात, रंगाचं काई असन तं मास्तरलेच देजो. तुमाले खरा रंग माहीत हाये."

मला वर बघवेना. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, दौलतचे रंग माझ्यापेक्षा चांगले होते. तेव्हा त्या जरा हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या असतील.

"त्या पिवळ्या लुगड्याचं आठवते काय? तुमच्या मागून आठ दिवसांनी हे बी नागपूरले गेलते न, जिनाच्या कामानं. तिथं जाऊन पाहून आले ते चित्र. घरी आले तं हासून राह्यले. म्हने, पिवळंच हाये, माह्यासारखंच. म्या म्हनलं, मंग मास्तरनं निळं काऊन सांगितलं?"

मी विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हने, घाईत असन तो. पन निळं चांगलं दिसन, लावून पाह्यतो."

घाईत असेन! तू पाहून आलास, दौलत. निळ्याचा पहिला हात मारण्याआधी तू पाहून आला होतास. तरी तू लावलास. तरी तू त्या मांडवात, त्या मोठ्या माणसापुढे, माझ्याकडे बोट केलंस. काल दुपारपासून मी एकच गोष्ट उलटसुलट करतो आहे. तू तेव्हा मला सांभाळून घेत होतास की चिमटा काढत होतास? दोन्ही तुला जमलं असतं, आणि तेही एकाच वेळी, तोंडावरची रेघ न हलवता. मला एक सरळ शिवी दिली असतीस तर आपण भांडलो असतो, चार रविवार बोललो नसतो आणि मग मोकळे झालो असतो. तू मला माझ्याच खोटेपणाचं श्रेय देऊन गेलास. चित्रात तू माझ्या पुढे होतास ते मी कसंबसं गिळलं होतं. माणूस म्हणूनही पुढे असायची काही गरज नव्हती.

मी वहिनींना म्हणालो, "वहिनी, मी घाईत नव्हतो. तासभर उभा होतो."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. त्यांना कळलं, असं मला वाटतं. पदर डोक्यावरून पुढे ओढत म्हणाल्या, "असन. आता तुमी फोटोचं पाहा."

तर फोटोचं पाहतो आहे. तुझ्या पडद्यापुढेच तू उभा आहेस. पडद्याच्या बदल्यात फोटोवाल्याने तुझा फोटो काढून दिला तो हा. आकाश पांढरं आहे, मला माहीत आहे ते निळं आहे. काळे गोळे आहेत, मला माहीत आहे तो झेंडू आहे. आणि तुझ्या अंगात माझा कोट आहे. फोटोसाठी म्हणून मागून नेलास आणि महिन्याने परत आणलास, मधलं बटण हरवून. तू डावा हात कोटाच्या मध्यावर ठेवून उभा आहेस. काल शेजारच्यांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, काय रुबाब आहे, पुढाऱ्यासारखा हात ठेवलाय. रुबाब कसला, तू बटणाची जागा झाकतो आहेस. हे आता जगात मला एकट्यालाच माहीत आहे, आणि त्याचा मला फार आनंद होतो आहे. तेवढं एक तरी माझ्याकडे राहू दे.

सकाळी मी एक पातळ कागद घेतला आणि तुझ्यासारखा आराखडा काढला. आकडे घातले. एक आकाश, दोन झेंडू, तीन टोपी, चार कोट. कडेला रेघा मारल्या. कोट खुंटीवरच होता. तो काढला, खिडकीशी नेला, बाहीची घडी उजेडात धरली. बटण अजून लावलेलं नाही. मग अंगात घालून आरशात पाहिलं, आणि परत फोटोकडे पाहिलं. तुला जास्त शोभतो. शिवला माझ्या मापाने आहे, तरी तुलाच शोभतो.

चार नंबर, तपकिरी. बघून लिहिलं आहे, दौलत.